बिनवहीचे शाहीर

धाकूदादा गाताना डोळे मिटत नसत. मी बरेच गाणारे पाहिले आहेत. सूर लागला की त्यांचे डोळे मिटतात, मान मागे जाते. धाकूदादांचं उलट होतं. सूर लागला की त्यांचे डोळे अधिकच उघडायचे आणि समोरच्या माणसांवरून फिरायचे, पंगतीत वाढणारा कोणाच्या पानावर काय नाही ते बघत जातो तसे. नाट्यगृहात कार्यक्रम असला तर पडदा उघडण्याआधी ते दिवेवाल्याला हात जोडायचे. "बाबा, फुडचे दिवे मालवू नको हां. मना माणसांची तोंडं दिसली पायजेत. काळोखात कुणाला गाणं सांगू?"

त्यांना जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल. त्यांच्या मंडळाने मला त्यांच्यावर चार शब्द लिहायला सांगितलं आहे, कारण त्यांची गाणी वीस-बावीस वर्षं मीच उतरून घेत होतो. ते चार शब्द मी लिहून दिले. त्यात सगळं खरं आहे, पण जे सांगायला हवं ते नाही. म्हणून हे वेगळं लिहायला बसलो आहे.

रत्नागिरीजवळच्या एका आंब्याच्या कॅनिंग कारखान्यात मी वजनकाट्यावरचा कारकून. धाकूदादा मूळचे संगमेश्वरकडच्या एका वाडीतले. हंगामात ते आंबा निवडायच्या टेबलावर असत, एरवी कारखान्याची राखण करत. भातलावणीला आणि गणपतीला मात्र गावी जात. गणपतीतला महिनाभर ते कारखान्याचे नसायचेच. शक्ती आणि तुरा या नाचगाण्यातल्या दोन पक्षांपैकी शक्तीवाल्यांचे शाहीर धाकू म्हणून जिल्हाभर त्यांचे सामने लागायचे. तुरेवाला शाहीर गाण्यातून सवाल टाकणार, शक्तीवाला गाण्यातूनच जवाब देणार, मध्ये पायात चाळ बांधलेली पोरं गोल फेर धरून नाचणार. माणसं पाय दुखले तरी उठत नसत.

आंबा निवडताना ते देठाजवळ अंगठा टेकवायचे, नाकाशी न्यायचे आणि क्षणात इकडे किंवा तिकडे ठेवायचे. चूक कधी होत नसे. नवीन लागलेल्या एका बाईने विचारलं, "दादा, कळतं कसं हो?"

"तुजा नवरा घरात येतो. काय बोलत नाय. तरी तुला कळतं ना आज बिनसलंय?"

"कळतं."

"मंग? आंबा त्याच्याहून साधा."

निवडता निवडता त्यांची गाणी जुळायची. तोंडातल्या तोंडात काहीतरी चाललेलं असायचं, डाव्या हाताने उपड्या टबावर ठेका. मग एकदम हातातला आंबा ठेवून ते माझ्या काट्याकडे धावत यायचे, कोपरापर्यंत रस ओघळतोय. "लिवा मोहनराव, लिवा, पळतंय!" मी हाताशी असेल त्या कागदाच्या पाठीवर लिहायचो. त्यांच्या कित्येक गाण्यांच्या मूळ कागदांवर अजून पिवळे डाग आहेत. लिहून झालं की ते एकदा वाचून घ्यायचे, चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाच्या सावकाशीने, आणि कागद मला परत करायचे. "हे मी मेल्यावर लोकांस्नी. मना नको. माझ्याकडं हाय." आणि उजवा हात छातीवर नाही, डोक्यावरही नाही, पोटावर ठेवायचे. गाणी त्यांच्या पोटात असत.

एकदा शेठ मागून आले आणि म्हणाले, "धाकू, इथे काम चाललंय की तालीम?"

शेजारच्या टेबलावर आंबे कापणाऱ्या बाया दादांकडे बघायला लागल्या. दादा म्हणाले, "शेठ, गाणं बंद करतो. पन मंग सुऱ्यांचा आवाज ऐका." सगळ्यांनी दोन मिनिटं मुकाट्याने आंबे कापले. सुऱ्या खरोखरच रेंगाळल्या. शेठ हसले आणि निघून गेले.

त्यांचा जन्माचा प्रतिस्पर्धी म्हणजे तुरेवाले अनंत शाहीर, राजापूरकडच्या नाटे गावचे. गोरे, धिप्पाड, आवाज असा की माइक बंद पडला तरी शेवटच्या ओळीला ऐकू जावा. पण अनंत शाहिरांना वही लागायची. लाल कापडात बांधलेली जाड वही ते समोर ठेवायचे आणि चष्मा लावून पानं उलटायचे. यात वावगं काही नव्हतं, बरेच शाहीर वही ठेवत. पण धाकूदादांनी त्यावर गाणं केलं होतं.

वहीत बघुनी घास कोण गिळतो,
वहीत बघुनी श्वास कोण घेतो,
सांगा मंडळी, वहीत बघुनी
आईला हाक कोण देतो?

हे गाणं कुठेही सुरू झालं की टाळ्यांनी मंडप दणाणायचा. तीस वर्षं ते प्रत्येक सामन्यात झालं. मंडळाच्या पत्रकांवर त्यांच्या नावाआधी 'बिनवहीचे शाहीर' असं छापून यायला लागलं. सामन्यात काय वाटेल ते म्हणायचं आणि सामना संपला की दोन्ही मंडळांनी एकाच पंगतीला बसायचं, ही रीत. अनंत शाहीर नाटे गावाहून त्यांच्यासाठी सोड्यांची, म्हणजे सुक्या कोळंबीची, पुडी आणत. पंगतीतही त्यांचं चालूच असायचं.

"वही सांभाळ रं अनंता. आमटी सांडली तर उद्या काय गाशील?"

"तू तुझं डोस्कं सांभाळ धाकू. त्याला पुठ्ठा नाय."

सगळे हसायचे. मीही हसायचो.

तीनेक वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात, टेबलावर त्यांची एक जुनी गवळण चालली होती. तिसऱ्या ओळीशी दादा थांबले. बायांना वाटलं, मुद्दाम थांबलेत; त्यांनी ओळ पुरी केली. दादाही हसले. पण त्याच आठवड्यात त्यांच्या हातून कच्चे आंबे पिकल्यात गेले, एकदा नाही, तीनदा. मी वजनाच्या चिठ्ठीवर काही लिहिलं नाही.

मग एका रविवारी ते फणस घेऊन माझ्या घरी आले. आत यायला तयार नव्हते. फाटकाशीच उभे राहून म्हणाले, "मोहनराव, एक काम हाय. वैनींना सांगू नका. कुणालाच नको. आमच्या घरात पन ठावं नाय."

गवळण आणि आंबे आठवून मी विचारलं, डॉक्टरला दाखवलंत का? तर म्हणाले, "दाखवलं. गोळ्या दिल्यान. अजून दोन साल गाईन म्हणतो. गाण्याची चाल जात नाय, मोहनराव. शब्द जातो. पैला शब्द दिला की मागची सगळी वरात येते. तो पैला शब्द तेवडा कुणीतरी दिला पायजे."

"मग समोर वही ठेवा ना, दादा. आता सगळेच ठेवतात. कोणी मोबाईल ठेवतात."

"ठेवतील. त्यांनी कुणाला हसलं नाय. मी तीस वर्षं हसलोय." त्यांनी फणस एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "माझ्या फुडं वही दिसली तर अनंता काय बोलायचा नाय. गप बसंल. त्याचं ते गप बसणं मना सोसायचं नाय."

त्यांनी जे मागितलं ते असं. मी प्रत्येक कार्यक्रमाला पहिल्या रांगेत, बरोबर मध्ये बसायचं. गाणी मला पाठ होतीच. प्रत्येक ओळ येण्याआधी मी नुसते ओठ हलवायचे, आवाज काढायचा नाही. ते बघून गातील. बिनवहीचे शाहीर बिनवहीचेच राहतील.

कारखान्यामागे रिकाम्या पेट्यांच्या थप्प्यांआड आम्ही तालीम केली. ते पंधरा पावलांवर उभे राहायचे आणि मला ओरडायचे, "ओठ मोठे हलवा! पान खाल्ल्यासारखे! शिकलेली माणसं तुमी, तोंड उघडायला लाजता!" कारखान्याच्या सुरक्षारक्षकाने एकदा हे पाहिलं. एक म्हातारा गातोय आणि समोर कारकून मुक्यासारखं तोंड वेंगाडतोय. तो आल्या पावली परत गेला.

असे सहा-सात कार्यक्रम पार पडले. लोकांना वाटायचं, कारकुनाला शाहिरांचं किती वेड, ओळ न् ओळ बरोबर म्हणतोय. दादांचे डोळे पूर्वीसारखेच सगळ्यांवरून फिरायचे, फक्त दर ओळीला एकदा माझ्यावर येऊन जायचे. एकदा चिपळूणला मध्यंतरात मी बटाटावडा घेतला आणि पडदा लवकर उघडला. मी घास चावतोय आणि दादा माझ्या तोंडाकडे बघत तीच ओळ चारदा गातायत. मागे ओळ उचलणाऱ्या झीलकऱ्यांनाही कळेना काय चाललंय. कार्यक्रमानंतर त्यांनी मला बाजूला घेतलं. "पुन्यांदा वडा खाताना गाऊ नका." आणि इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. मला त्यांचं ते हसणं फार आवडायचं. आम्हा दोघांखेरीज ते कोणालाच कळणार नव्हतं.

इथपर्यंत मी कोणालाही सांगू शकतो.

गेल्या जानेवारीच्या आदल्या जानेवारीत, रत्नागिरीतल्या नाट्यगृहात रविवारी दुपारी चार वाजता सामना होता. समोर अनंत शाहीर. मुंबईहून चाकरमानी खास आले होते, राजापूर-लांज्याच्या गाड्या बाहेर लागलेल्या. दादांनी दिवेवाल्याला हात जोडले, पुढचे दिवे राहिले. मी पहिल्या रांगेत मध्ये. गण झाला, गवळण झाली. अनंत शाहिरांनी सवाल टाकला: जगातलं पहिलं घर कोणतं? तुरेवाल्यांनी फेर धरला, टाळ्या झाल्या आणि बारी दादांकडे आली.

सवाल आधीच कळवलेला होता, म्हणून त्यांचा जवाब तयार होता; नवा, मी महिन्यापूर्वी उतरून घेतलेला. आईवर होता. लावणीच्या दिवसात आई पोराला बांधावर निजवून खाचरात उतरते, एवढीच गोष्ट. कागदावर मला तो बरा वाटला होता. पण त्या दुपारी दादांनी तो असा गायला की माझ्या शेजारचे एक जाडजूड गृहस्थ टोपी काढून मांडीवर घेऊन बसले. मागे कोणी खोकत नव्हतं. नाचणारी पोरं नाचता नाचता ऐकत होती. मला वाटलं, हे पुन्हा होणार नाही. हे कुठेतरी राहिलं पाहिजे.

मी खिशातून फोन काढला आणि दोन्ही हातांनी तोंडासमोर धरला.

फोनच्या पडद्यावर दादा दिसत होते. त्यांनी ओळ घेतली, "चिखलाचे हात पुसले पदरा". झीलकऱ्यांनी उचलली. दादा सरळ माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, चित्रीकरण चाललंय म्हणून बघतायत. मला बरंही वाटलं. त्यांनी तीच ओळ पुन्हा घेतली. झीलकऱ्यांनी पुन्हा उचलली. तिसऱ्यांदा घेतली. पुढची ओळ होती, "मग लावला गालावर हात". ती माझ्या ओठांवर होती. मी ती नेहमीसारखी तोंड मोठं उघडून म्हणत होतो. फोनच्या मागे.

मला कळलं तेव्हा ढोलकी थांबली होती.

मी फोन खाली घेतला, ओठ हलवले, पण आता ते माझ्याकडे बघत नव्हते. अकरा सेकंद ते नुसते उभे होते. अकरा हे मला ठाऊक आहे, कारण ते सगळं माझ्या फोनमध्ये आहे. मी ते आजवर कोणाला दाखवलेलं नाही आणि पुसूनही टाकलेलं नाही.

अनंत शाहिरांना काहीच माहीत नव्हतं. सामन्यात जे करायचं असतं तेच त्यांनी केलं. ते उठले, लाल कापडातली वही दोन्ही हातांवर घेऊन रंगमंच ओलांडून आले आणि माइकवर म्हणाले, "शाहीर, वही देऊ का?"

नाट्यगृह हसून कोसळलं. तीस वर्षांची परतफेड होती, लोकांना ती पोटभर आवडली. दादाही हसले. त्यांनी वही घेतली, कपाळाला लावली आणि अनंत शाहिरांना परत दिली. मग माइक खाली ठेवून ते आपल्या झीलकऱ्यांमध्ये जाऊन बसले. टाळ्या बराच वेळ चालल्या होत्या.

नंतर मी रंगमंचामागे गेलो. ते खुर्चीत बसले होते, कोणीतरी चहा दिला होता. मला बघून म्हणाले, "मोहनराव, चित्र बरं आलं काय?"

त्यात टोमणा नव्हता. मी त्यांना बावीस वर्षं ओळखत होतो, टोमणा मला कळला असता. त्यांना खरंच विचारायचं होतं.

मी म्हणालो, "बरं आलं, दादा."

एवढंच. माझं चुकलं, हे दोन शब्द मी म्हटले नाहीत. त्या दिवशी गर्दी होती म्हणून नाही म्हटले. पण दुसऱ्या दिवशी गर्दी नव्हती. दुसऱ्या दिवशी कारखान्यात सगळीकडे तोच विषय होता. दादा रजेवर होते. डब्यांना लेबलं लावणाऱ्या बाया हळहळत होत्या. कोणीतरी मला विचारलं, "तुम्ही पुढेच होतात ना? झालं काय त्यांना?"

आणि मी म्हणालो, "वय झालं आता त्यांचं."

फोन वर धरणं ही चूक होती, माणसाकडून होते. पण हे मी शांतपणे, चहा पिता पिता म्हणालो. त्यांनी दोन वर्षं जे झाकायला माझी मदत घेतली, ते मी माझी चूक झाकायला उघडं केलं. आठवडाभरात जिल्ह्यात सगळे तेच म्हणायला लागले.

दादा पुन्हा गायले नाहीत. पुढच्या हंगामात ते कामाला आले नाहीत. मी रोज ठरवायचो, येत्या रविवारी जाऊ. असे रविवार मोजले तर नऊ महिन्यांचे झाले.

ऑक्टोबरात एका गुरुवारी रजा काढून गेलो. भात कापणीला आलं होतं, वाडीत माणसं कमी. दादा पडवीत बसलेले, पुढ्यात सुपात कुळीथ आणि शेजारी अनंत शाहीर. मी चपापलोच. दादांच्या पत्नी राधावहिनी आतून म्हणाल्या, "दर गुरवारी येतात. दोघं बसतात. कायबाय बोलतात." अनंत शाहिरांनी मला ओळखलं आणि गाडीची वेळ झाली म्हणून उठले. जाताना दादांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "येतो रं धाकू. नीट जेव, मना तुझ्याशी अजून एक सामना करायचाय."

"वही घेऊन ये," दादा म्हणाले. अनंत शाहीर हसत पायवाटेला लागले.

दादांनी मला बसायला जागा दिली. चेहरा ओळखीचा वाटत असावा, नाव आलं नाही. "कारखान्यातले ना तुमी? काट्यावरचे?" मी हो म्हटलं. मग मी सगळं सांगून टाकलं. फोनचं, ओठांचं, दुसऱ्या दिवशी मी काय म्हणालो त्याचं. मान खाली घालून, शाळेत कबुली द्यावी तसं सांगत गेलो. दादा कुळथातले खडे वेचत ऐकत होते. मी थांबलो तेव्हा त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"कंचा कार्यक्रम म्हणालात?"

"रत्नागिरीचा, दादा. नाट्यगृहातला. अनंत शाहिरांबरोबरचा."

ते आठवायचा प्रयत्न करत होते, हे दिसत होतं. बराच वेळ त्यांनी तो केला. मग मला वाईट वाटू नये अशा बेताने म्हणाले, "झाला असंल. बरा झाला काय?"

मी माफी मागायला गेलो होतो. ती ज्यांच्याकडे मागायची तेच तिथे उरले नव्हते. खोटं बोलायचं नाही, एवढं मी त्या क्षणी ठरवलं. मी त्यांना कार्यक्रम पहिल्यापासून सांगितला. किती माणसं आली होती, शेजारच्या गृहस्थांनी टोपी कशी काढली, नाचणारी पोरं कशी ऐकत होती. ते लहान मुलासारखे ऐकत होते. "आनि मंग?" म्हणाले.

"मग तुमची ओळ अडकली. माझ्यामुळे. आणि अनंत शाहिरांनी सगळ्यांसमोर तुम्हाला वही दिली."

मला वाटलं, आता चेहरा पडेल. दादा मात्र मांडीवर थाप मारून हसले. "वही दिलान? मना?" आत वहिनींना हाक मारून त्यांनी सांगितलं, "अगो ऐकलंस काय? अनंतान मना वही दिलान!" परत माझ्याकडे वळले. "बरं केलान. मी लय छळलंय त्याला."

ते हसत होते, वहिनी दारात येऊन उभ्या होत्या, आणि मला हसता आलं नाही.

संध्याकाळच्या आत निघालो. नको म्हटलं तरी ते मला सोडायला रस्त्यापर्यंत आले. खूप चढ आहे, पण चाल अजून दमदार होती. सहा आसनी रिक्षा आली. मी मागे बसलो. त्यांनी रिक्षावाल्याला सांगितलं, "ह्यांना नीट न्या. लांबनं आलेत." मला विचारलं, "घरात सगळी बरी ना?" मी हो म्हटलं.

रिक्षा सुटली. मी मागे वळून पाहिलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की दादा अनवाणी आले होते. पायवाटेने राधावहिनी धापा टाकत, त्यांच्या चपला हातात घेऊन येत होत्या. त्यांनी वाकून चपला दादांच्या पायांशी सरळ करून ठेवल्या. दादांनी तोल सावरायला वहिनींच्या डोक्यावर हात ठेवला, एक पाय घातला, मग दुसरा. नजर मात्र आमच्या रिक्षाकडे होती, वळणावर ते मला दिसेनासे होईपर्यंत.